पाळलेली कुत्री-मांजरं शेल्टरपर्यंत कशी पोचतात?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गेटला सकाळी एक जर्मन शेफर्ड मादी बांधलेली सापडली. वॉचमन म्हणतो, रात्री गाडीतून कुणीतरी आलं आणि बांधून गेलं. शेल्टरला फोन केला तर जागा नाही म्हणाले. इतके पैसे देऊन घेतलेलं जनावर लोक असं का टाकतात? आणि शेल्टर कायम भरलेलं असतं ते नक्की कुणामुळे?

उत्तर : आधी त्या मादीचं बघू, बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे. तिला सावलीत बांधा, पाणी ठेवा, खायला थोडं थोडं द्या. उपाशी पोटी एकदम भरपेट घातलं तर उलट्या-जुलाब सुरू होतात. घाबरलेली असेल, तेव्हा कुणी तोंडाजवळ हात नेऊ नये आणि पोरांची गर्दी होऊ देऊ नका. मग जवळच्या पशुवैद्यांकडे नेऊन मायक्रोचिप तपासून घ्या. चिपमध्ये पत्ता नसतो, नुसता 15 आकडी क्रमांक असतो. पण तो कुणाच्या नावावर नोंदवलेला असेल तर त्या माणसापर्यंत पोचता येतं. पोलीस चौकीत लेखी कळवा. ती टाकलेलीच आहे असं धरून चालू नये. हरवलेली, चोरीला गेलेली जनावरंही अशीच सापडतात.

आणखी एक, जे नवख्या माणसाला माहीत नसतं. तिचा फोटो ग्रुपवर टाकाल तेव्हा नसबंदी झालेली नाही हे लिहू नका. जातिवंत मादी फुकटात मिळते आहे म्हटल्यावर पहिले फोन येतात ते पिल्लं काढून विकणाऱ्यांचे. दत्तक घेणारं कुटुंब म्हणून ते फार गोड बोलतात. नसबंदी झाल्याशिवाय तिला कुणाकडेही देऊ नका.

डॉक्टरकडे नेलंत की ती कशा घरातून आली याचा अंदाज तिच्या अंगावरूनच बांधता येतो. नखं लांब वाढून वळली असतील तर तिला फिरवलेलं नाही. रस्त्यावर रोज चालणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात. कोपरांवरचे केस जाऊन कातडी काळी, जाड झाली असेल तर नुसत्या फरशीवर किंवा सिमेंटवर पडून तिने दिवस काढले आहेत. पंजे पिवळट असतील तर लघवीत उभं राहावं लागलं आहे. डॉक्टरांना ओठ वर करून सुळे बघायला सांगा. सुळ्यांची मागची बाजू घासून सपाट झाली असेल तर ती महिनोन् महिने पिंजऱ्याचे गज चावत बसली होती. आणि सड लोंबत असतील, पोटाची कातडी सैल असेल, तर कुणीतरी तिच्या पिल्लांवर पैसे केले आणि ती विणेनाशी झाल्यावर आणून बांधली. सोडलेल्या शेफर्ड आणि लॅब्रॅडॉर माद्यांमध्ये ही शेवटची खूण मला फार वेळा दिसते.

मी पशुवैद्य आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागातल्या शेल्टरमध्ये बरीच वर्षं काम करते आहे. 'जागा नाही' असं त्यांनी सांगितलं ते खरंच असणार. रस्त्यावरची कुत्री नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर साधारणपणे जिथून उचलली तिथेच परत सोडायची असतात. हा नियम 2001 पासूनचा आहे आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तो कायम राहिला. म्हणजे त्यांचा मुक्काम काही दिवसांचा. पिंजरे अडकून पडतात ते दुसऱ्याच दोन प्रकारच्या जनावरांनी : अपघातात कंबर गेलेली किंवा आंधळी झालेली रस्त्यावरची कुत्री, आणि लोकांनी टाकलेली पाळीव. पाळीव कुत्र्याला परत सोडायला जागाच नसते. प्रत्येक गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, तिथे अचानक आलेल्या लॅब्रॅडॉरला ती टिकू देत नाहीत. त्याला रहदारीची सवय नसते, कचऱ्यातून खाणं शोधता येत नाही, आणि आपली माणसं गाडीतून गेली एवढंच त्याला माहीत असतं, म्हणून तो थांबलेल्या प्रत्येक गाडीकडे धावत जातो. असे कुत्रे रस्त्यावर फार दिवस जगत नाहीत.

आता 'का' या प्रश्नाकडे येते. जनावर सोडायला शेल्टरच्या गेटवर येणारी माणसं कारण एका वाक्यात सांगतात. बदली झाली. बाळ होणार आहे. मुलाला दमा आहे. घरमालक ऐकत नाही. ही कारणं खोटी नसतात. पण आणखी दोन-तीन प्रश्न विचारले की चित्र बदलतं. बोलणं साधारण असं होतं :

"मॅडम, आमची बदली झालीये बेंगळुरूला. तिकडचा फ्लॅट लहान आहे."

"इथला केवढा आहे?"

"टू बीएचके."

"आणि तिकडचा?"

"तोपण टू बीएचकेच. पण तिथे याला ठेवायला मोठी बाल्कनी नाही."

"हा बाल्कनीत राहतो? कधीपासून?"

"झालं की वर्ष. सोफा फाडला ना, तेव्हापासून."

इथे बदली हे निमित्त आहे. कुत्रं घरातून एका दिवसात बाहेर जात नाही. आधी त्याला बेडरूम बंद होते, मग पाहुणे आले की हॉल, मग पाहुणे नसतानाही हॉल, आणि शेवटी ते बाल्कनीत राहायला लागतं. तिथे एकटं पडलं की भुंकतं. भुंकलं की शेजाऱ्यांची तक्रार, तक्रार झाली की कमिटीचं पत्र. पट्टा ओढतं म्हणून फिरायला नेणं कमी होतं, आणि नेणं कमी झालं की जेव्हा केव्हा नेतात तेव्हा ते आणखी जोरात ओढतं. घरातल्यांचा त्याच्याशी संबंध उरतो तो ताटली ठेवण्यापुरता आणि ओरडण्यापुरता. अशा अवस्थेत घरात काहीही घडलं, बदली असो, बाळंतपण असो, आजारपण असो, की सगळ्यात आधी कुत्र्याचा नंबर लागतो. माझ्या दृष्टीने ते बेघर झालं ते बाल्कनीत गेलं तेव्हा. गेटपर्यंत यायला नंतर वर्ष लागो नाहीतर दोन.

हे मी त्या माणसांना दोष द्यायला सांगत नाही. त्यातली बरीच माणसं प्रेमळ असतात, सोडून जाताना रडतात. त्यांनी मदत मागायची वेळ सोफा फाडला तेव्हाची होती. त्या वेळी एक फोन केला असता तर ते काम सोपं होतं. गेटवर येईपर्यंत त्यांनी मनाने ते जनावर सोडलेलं असतं.

आमच्याकडे येणाऱ्या जातिवंत कुत्र्यांची वयं बघितली तर बरीचशी 8 महिने ते 2 वर्षांच्या मधली निघतात. हे वयच अवघड. चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत दात बदलतात, तेव्हा समोर येईल ते चावलं जातं. त्यानंतर कुत्रं वयात येतं, अंगात ताकद येते, ऐकेनासं होतं, नर घरात तंगडी वर करायला लागतो. पिल्लू असताना सगळ्यांनी ज्याला मांडीवर घेतलं, त्यालाच आता 'बिघडला' म्हणतात. तो बिघडलेला नसतो, वयात आलेला असतो. रोज दोन वेळा चांगलं फिरवणं, चावायला हक्काची वस्तू, नसबंदी, आणि 'बस', 'थांब', 'सोड' एवढे तीन-चार शब्द शिकवणं, इतक्यावर बहुतेक घरांत हा काळ निघून जातो. हस्की आणि तत्सम थंड प्रदेशातल्या कुत्र्यांचं मात्र एवढ्यावर भागत नाही. मैलोन् मैल गाडी ओढण्यासाठी घडवलेलं, दुहेरी केसांचं जनावर एप्रिल-मेच्या उन्हात एसीच्या खोलीत दिवसभर बंद राहिलं तर ते घर फोडतं. पुण्या-नागपुरात हस्की घेऊ नये असंच माझं स्पष्ट मत आहे, मग घर कितीही मोठं असो.

यातली बरीचशी अडचण जनावर घरी येण्याआधीच तयार झालेली असते. श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम 2017 साली आले. ब्रीडरने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्यक्षात 30-35 दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. त्या वयात ती सगळ्यात गोंडस दिसतात, आणि पुढच्या महिन्याचा खुराक आणि लसीचा खर्च ब्रीडरचा वाचतो. पण किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं ते नेमकं पाचव्या ते आठव्या आठवड्यात. लवकर तोडलेलं पिल्लू ते शिकतच नाही. आठ महिन्यांचं झाल्यावर ते खेळताना पोराच्या हाताला चावतं, रक्त निघतं, आणि घरात 'चावरा' असा शिक्का बसतो. असा शिक्का बसलेल्या कुत्र्याला दुसरं घर मिळवून देणं फार कठीण.

दुसरा फटका पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या विषाणूच्या आजाराचा. लस न झालेली, गर्दीत ठेवलेल्या पिल्लांना घरी आल्यावर तीन-चार दिवसांत रक्ताचे जुलाब सुरू होतात. सलाइन, दाखल करणं, औषधं मिळून खर्च 10-15 हजारांवर सहज जातो. कधी कधी तो पिल्लाच्या किमतीपेक्षा जास्त असतो आणि मग त्या पिल्लाला खोक्यात घालून शेल्टरच्या दाराशी ठेवलं जातं. ब्रीडर फोन उचलत नाही. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद दाखवून तो लोकांना निश्चिंत करतो, पण तो कागद वंशावळीचा असतो; पिल्लाच्या तब्येतीची किंवा ब्रीडरच्या नोंदणीची हमी त्यात नसते. पिल्लू घ्यायचंच असेल तर आई दाखवा म्हणा. आई दाखवायला टाळाटाळ केली तर तिथून निघा. तुमच्या गेटवर बांधलेली मादी कदाचित अशाच एखाद्या न दाखवलेल्या आयांपैकी असेल.

घराचा प्रश्न खराखुरा आहे, तो मी कमी लेखत नाही. आपल्याकडे भाड्याचा करार 11 महिन्यांचा असतो आणि कुत्रं 10-12 वर्षं जगतं. तेवढ्यात कितीतरी घरं बदलावी लागतात आणि प्रत्येक वेळी एजंट आधी विचारतो, पेट आहे का? सोसायटीच्या बाबतीत परिस्थिती बरी आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाने फेब्रुवारी 2015 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या : सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. हा कागद छापून कमिटीसमोर ठेवला तर बरीच भांडणं तिथेच मिटतात, हा माझा अनुभव आहे. घरमालकाने मात्र करारात अट घातली असेल तर हा कागद पुरत नाही, म्हणून सही करण्याआधीच बोलून घ्यावं. अमेरिकेत 12 शेल्टरमध्ये एक मोठी पाहणी झाली होती, 1998 साली ती प्रसिद्ध झाली. कुत्री सोडण्याच्या कारणांत घर बदलणं तिथेही सगळ्यात वर होतं. आणि सोडलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना कसलंही प्रशिक्षण दिलेलं नव्हतं, हेही त्याच पाहणीत दिसलं. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. शिकवलेल्या, शांत कुत्र्यासाठी माणसं भाड्याचं घर शोधत हिंडतात, हे मी बघितलेलं आहे.

गरोदरपणाचं कारण सांगून मांजरी मोठ्या संख्येने येतात. घरातली वडीलधारी माणसं, कधी कधी डॉक्टरसुद्धा, 'मांजर घालवा' असं सांगतात. भीती असते टॉक्सोप्लाझ्माची. हा जंतू पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो, हे खरं. पण माणसाला तो बहुतेक वेळा अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाज्यांतून आणि मातीतून लागतो. मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवडेच हे जंतू त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि बाहेर पडल्यावर दुसऱ्याला लागण करण्याजोगे व्हायला त्यांना किमान एक दिवस लागतो. म्हणून मांजराचा ट्रे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज साफ करावा, मांजराला कच्चं मांस देऊ नये, त्याला बाहेर भटकू देऊ नये. एवढं पाळलं तर मांजर घरातच राहू शकतं. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून रक्ताची तपासणी करून घेता येते.

मांजरांचं दुसरं कारण म्हणजे नसबंदी लांबवणं. मांजर चार-सहा महिन्यांत माजावर येते, दोन महिन्यांत विते, आणि अंगावर पिणारी पिल्लं असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. बोका वयात आला की घरभर फवारे मारतो, तो वास जात नाही. मग लोक त्यांना पिशवीत घालून मासळी बाजारात सोडून येतात. तिथे खायला मिळेल, असं त्यांना मनापासून वाटतं. मासळी बाजारात आधीचे बोके असतात. तिथे सोडलेलं पर्शियन मांजर आमच्याकडे येतं तेव्हा त्याचे केस गुंतून कातडीला घट्ट चिकटलेले असतात, खाली जखमा आणि किडे. भूल देऊन सगळे केस काढावे लागतात.

अफवेची एक लाट आली की काय होतं, हे मार्च 2020 मध्ये दिसलं. कुत्र्या-मांजरांपासून करोना होतो, असं पसरलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलेली जनावरं रस्त्यावर आली. पुढे त्याच टाळेबंदीत घरी बसलेल्यांनी पिल्लं घेतली आणि ऑफिस सुरू झाल्यावर तीही यायला लागली. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर अशा 23 जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगणारं पत्र काढलं. ज्यांच्याकडे आधीपासून ते कुत्रे होते त्यांना नसबंदी करून ठेवता येणार होते, पण तेवढं वाचायच्या आतच घाबरलेल्या लोकांनी ते सोडायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. सोडलेले कुत्रे काही परत घरी गेले नाहीत.

एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचं निधन होतं आणि त्यांचं कुत्रं मागे राहतं, तेव्हा मी कुणालाच काही म्हणत नाही. वय झालेल्या माणसांनी जनावर पाळावं, जरूर पाळावं, फक्त आपल्यानंतर ते कोण बघेल हे त्या माणसाशी बोलून ठेवावं. आणि शक्यतो पिल्लू न घेता पाच-सहा वर्षांचं शांत कुत्रं दत्तक घ्यावं. शेल्टरमध्ये अशी कितीतरी असतात.

पुण्यातून परदेशी जाणाऱ्यांमुळे येणारी जनावरं मला सगळ्यात जास्त टोचतात, कारण बहुतेकांना नेता आली असती. ब्रिटन किंवा युरोपात भारतातून कुत्रं न्यायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताची तपासणी आणि रक्त घेतल्यापासून 3 महिने थांबणं, असा क्रम आहे. म्हणजे चार-साडेचार महिने लागतात. लोक व्हिसा हातात आल्यावर, तीन आठवडे उरले असताना विचारायला येतात. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून नियम कडक केले. 6 महिन्यांच्या आतलं कुत्रं आता नेता येत नाही आणि भारतातून येणाऱ्या कुत्र्याला चिप आणि लसीचे कागद लागतात. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रं-मांजर घेत नाही, तेव्हा तिकडे जायचा विचार असेल त्यांनी पाळूच नये. देशातल्या देशात मात्र अडचण मोठी नाही. रेल्वेत फर्स्ट एसीचा कूपे घेऊन कुत्रं बरोबर नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समधून.

टाकणाऱ्याला शिक्षा होत नाही का, असंही लोक विचारतात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. तो वाढला पाहिजे, हे मी ठिकठिकाणी सांगत असते. तरी तुम्ही सीसीटीव्हीतला गाडीचा नंबर काढून तक्रार जरूर द्या. घरी पोलीस येऊन गेले की तो माणूस दुसरं जनावर टाकायला धजत नाही.

आणि ज्यांना खरोखरच सांभाळणं अशक्य झालंय त्यांच्यासाठी. रात्री गेटला बांधून जाऊ नका. दोन महिने आधी फोन करा. शेल्टरचा पिंजरा हा शेवटचा उपाय. त्याआधी नातेवाईक, ओळखीचे, रोज फिरायला भेटणारी माणसं यांच्यात घर शोधा, आम्ही त्यात मदत करतो, घर बघूनही येतो. नसबंदी करून घ्या, लसीचं कार्ड आणि चिपचा क्रमांक नव्या माणसाच्या नावावर करा. काय खातं, कशाला घाबरतं, फटाक्यांत कसं वागतं, कुठली औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून द्या. चावलं असेल तर कुणाला, कशावरून आणि किती जोरात, हेही खरं खरं लिहा. ते माहीत असलं तर लहान मुलं नसलेलं, कुत्र्यांचा अनुभव असलेलं घर आम्ही शोधतो. लपवलंत तर नवं घर त्याला महिन्याभरात परत आणून सोडतं, आणि तिसऱ्या घराला मग कुणी तयार होत नाही.